मुक्कामाची जागा : फिरत्या वार्धक्याच्या अभ्यासाला प्रस्तावना

साठी उलटलेली, घर चाकांवर किंवा जनावरांच्या पाठीवर असलेली आणि जिथे मुक्काम पडेल तिथल्या कामावर पोट भरणारी माणसे हा या अभ्यासाचा विषय आहे. सोयीसाठी त्याला फिरते वार्धक्य म्हणू. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो जितका आपला वाटेल तितकाच तो तलाठ्याला, आशा कार्यकर्तीला, बँकेत निवृत्तिवेतनाच्या रांगेसमोर बसणाऱ्या कारकुनाला आणि ज्याच्या शेतात दरवर्षी डेरा उतरतो त्या शेतकऱ्यालाही वाटावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. या प्रत्येकाकडे त्या माणसांविषयी थोडीथोडी माहिती आधीपासूनच आहे. ती एकत्र मांडण्याची रीत मात्र अजून घडायची आहे, आणि म्हणूनच नव्या माणसाला इथे करण्यासारखे पुष्कळ आहे.

भिवापुरात बसून हा विषय हाती घेण्याला कारण आहे. नागपूरहून उमरेडमार्गे नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरीकडे जाणारा महामार्ग गावातून जातो. एका अंगाला कापूस, सोयाबीन आणि गावाचे नाव लावणारी मिरची. दुसऱ्या अंगाला, वैनगंगेकडे, धान. दोन तऱ्हांची शेती इथे एकमेकींना भेटते, पिके वेगवेगळ्या वेळी निघतात आणि हातांना कामेही एकामागून एक लागतात. इतवारी-नागभीड ही छोटी रेल्वे २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, तेव्हा तिची वर्दळही रस्त्यावर आली. पाऊस सरला की उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघ पाहायला निघालेल्यांच्या गाड्या इकडे वळतात. पूर्व विदर्भातल्या अशाच रस्त्यांवरून रबाऱ्यांचे कळप सरकतात, तालुक्याच्या गावांबाहेर गाडी लोहारांची बिऱ्हाडे उतरतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडची कुटुंबेच्या कुटुंबे जानेवारीपासून मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्यांच्याबरोबर नातवंडे सांभाळायला आणि चूल पेटती ठेवायला म्हातारीही जाते. मजुरीच्या हिशेबात तिचे नाव नसते. फिरते वार्धक्य पाहायला त्यामुळे फार लांब जावे लागत नाही.

तरी या विषयावरचा पहिला नीट अभ्यास मोटारघरांच्या मुलखात, म्हणजे उत्तर अमेरिकेत झाला, आणि तो नव्या अभ्यासकाने आधी समजून घेतलेला बरा. डोरोथी आणि डेव्हिड काउंट्स हे मानववंशशास्त्रज्ञ दाम्पत्य. पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटावर त्यांनी बरीच वर्षे काम केले होते. नव्वदच्या दशकात ते स्वतः मोटारघर घेऊन कॅनडा आणि अमेरिकेतल्या फिरत्या निवृत्तांमध्ये जाऊन राहिले आणि १९९६ मध्ये ‘ओव्हर द नेक्स्ट हिल’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. देण्याघेण्यातून नाती कशी बांधली जातात हे ज्यांनी बेटावर पाहिले होते, त्यांच्या नजरेला छावणीतले सामुदायिक जेवण, शेजाऱ्याच्या गाडीची दुरुस्ती, आजारी माणसासाठी केलेली धावपळ या साध्या गोष्टी राहिल्या नाहीत. चार दिवसांसाठी शेजारी झालेली माणसे मदत लांबणीवर टाकू शकत नाहीत. उद्या दोघांपैकी एक तिथे नसेल. फिरत्या समाजात शेजारधर्म लवकर रुजतो, हा त्यांच्या पुस्तकातून मला मिळालेला सगळ्यांत मोलाचा धडा आहे.

या माणसांच्या संस्थाही आहेत. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ मध्ये ‘एस्केपीज’ हा मोटारघरवाल्यांचा क्लब सुरू केला. टेक्सासमधले लिव्हिंग्स्टन हे त्याचे मुख्य ठाणे. १९८७ पासून ‘वर्कॅम्पर न्यूज’ नावाचे नियतकालिक निघू लागले आणि कुठल्या छावणीला कोणत्या महिन्यात माणसे हवीत, हे त्यातून कळू लागले. व्यवहार असा : छावणीचा मालक निवृत्त जोडप्याला गाडी लावायला जागा देतो, त्या जागेला वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असते. बदल्यात जोडप्याने आठवड्याचे ठरलेले तास काम करायचे. येणाऱ्यांच्या पावत्या फाडायच्या, शौचालये धुवायची, शेकोट्यांची राख उचलायची, गवत कापायचे, रात्री गोंगाट करणाऱ्यांना समजावायचे. त्यापुढच्या तासांचे पैसे कुठे मिळतात, कुठे मिळत नाहीत. उन्हाळा जंगलातल्या छावणीत गेला की सप्टेंबरअखेर नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या सीमेवर साखरबिटाचा हंगाम येतो. तिथे बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. नाताळाआधी गोदामांत माल उचलण्याचे काम निघते. ॲमेझॉन कंपनीने २००८ पासून खास मोटारघरवाल्यांसाठी ‘कॅम्परफोर्स’ नावाची भरती चालवली होती. थंडी कडक झाली की ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात हजारो गाड्या उतरतात.

२००८ च्या आर्थिक पडझडीनंतर या चित्राचा रंग बदलला. घर, बचत किंवा दोन्ही हातचे गेलेली माणसे व्हॅनमध्ये राहायला लागली. जेसिका ब्रूडर या पत्रकाराने त्यांच्याबरोबर राहून लिहिलेले ‘नोमॅडलँड’ २०१७ मध्ये आले. त्यावरचा चित्रपट २०२० चा, आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. तेव्हापासून वाद सुरू आहे तो असा, की ही माणसे मोकळी आहेत की नाइलाजाने रस्त्यावर आहेत. काउंट्स दाम्पत्याच्या पुस्तकात पहिली बाजू ठळक दिसते, ब्रूडरच्या पुस्तकात दुसरी. दोन्ही पुस्तके प्रामाणिक आहेत. पण हा प्रश्न मनाशी घेऊन मुक्कामावर गेलेला विद्यार्थी फार काही घेऊन परत येत नाही. समोरची म्हातारी सकाळी एक उत्तर देते आणि गुडघे दुखायला लागले की संध्याकाळी दुसरे. तिची दोन्ही उत्तरे खरीच असतात.

माझ्या मते या अभ्यासाचा पहिला प्रश्न वेगळा हवा. दिवस कलला की हे घर कुठे थांबवता येते? कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या परवानगीने, किती दिवस, आणि त्या बदल्यात काय द्यावे लागते? या चार गोष्टी कळल्या की बाकीचे आयुष्य त्यांच्याभोवती उलगडत जाते. चालत राहण्याची ताकद म्हातारपणी कमी होत जाते, आणि थांबण्याची गरज वाढत जाते. ज्याला हक्काने थांबता येते त्याचे फिरते म्हातारपण सुखाचे जाऊ शकते. ज्याला प्रत्येक मुक्काम विनवणी करून मिळवावा लागतो, त्याचे तसे जात नाही, मग त्याचे घर कितीही चांगले असो. हे पुस्तक या एका समजुतीवर उभे आहे, आणि वाचकाने ती तपासून पाहावी म्हणूनच हे निमंत्रण आहे.

आता गाडी लोहारांकडे येऊ. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत ते घिसाडी या नोंदीखाली येतात. चितोड पडल्यावर आपल्या पूर्वजांनी घरात न राहण्याची शपथ घेतली, असे ते सांगतात. ६ एप्रिल १९५५ रोजी पंडित नेहरूंनी चितोडगडावर त्यांना समारंभपूर्वक परत नेले, आणि शपथ सुटली असे सरकारने मानले. गाड्या मात्र बऱ्याच ठिकाणी चालतच राहिल्या. पी. के. मिश्र यांचा पूर्व राजस्थानातल्या याच समाजावरचा, म्हणजे गाडुलिया लोहारांवरचा, अभ्यास भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षणाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. या समाजाकडे भावनेपेक्षा हिशेबाने पाहायला तो शिकवतो. कोणत्या गावात किती दिवस थांबायचे, हे तिथे किती लोखंडकाम निघेल यावर ठरते.

गाडीशेजारची भट्टी जवळून पाहिली तर वयाची वाटणी लगेच दिसते. तरणी बाई उभी राहून दोन्ही हातांनी घण घालते. म्हातारा ऐरणीपाशी उकिडवा बसून सांडशीत तापलेले लोखंड धरतो आणि प्रत्येक घावानंतर ते किंचित फिरवतो. घण कुठे पडायचा हे त्याच्या मनगटावर ठरते. म्हातारी भाता किंवा हाताने फिरवायचा पंखा चालवते आणि दुसऱ्या हाताने निखारे सारते. कुऱ्हाडीला किंवा वखराच्या पासेला पाणी द्यायची वेळ आली की सगळे थांबतात. लोखंडाचा रंग पाहून ते नेमके केव्हा पाण्यात बुडवायचे, हे म्हातारा ठरवतो. क्षणभर लवकर झाले तर धार मऊ राहते, उशीर झाला तर पहिल्याच दगडावर तुकडा उडतो. ताकद गेली तरी या कामाला डोळा लागतो, आणि तो वयानेच येतो. म्हणून या समाजात निवृत्त होण्याचे वय असे नाही. घण हातातून जातो, सांडशी हातात येते, आणि नजर मंदावली की पंखा. अमेरिकेतल्या छावणीत सत्तरीच्या बाईला शौचालय धुण्याचे काम मिळते कारण ते कोणालाही करता येते. इथे म्हाताऱ्याला काम मिळते कारण ते दुसऱ्या कोणाला त्याच्याइतके येत नाही. दोन्हींना वार्धक्यातले श्रम हेच नाव देऊन मोकळे होऊ नये.

आता मात्र दुकानात तयार विळे, कुऱ्हाडी मिळतात, ट्रॅक्टर आल्याने वखराचे काम घटले आहे. काम घटले की गावाला त्या मुक्कामाची गरज राहत नाही. पूर्वी जिथे पंधरा दिवस कोणी हटकत नव्हते, तिथे दुसऱ्या दिवशी विचारणा होते.

रबाऱ्यांचा व्यवहार त्याहून उघड आहे. कच्छकडून आलेले हे पशुपालक अनेक दशकांपासून विदर्भात मेंढ्या, शेळ्या आणि उंट घेऊन फिरत आहेत. डेऱ्याचे सामान, म्हणजे खाटा, गोधड्या, भांडी, लहान पोरे आणि अशक्त कोकरे, उंटाच्या पाठीवर असते. पीक निघाले की शेतकरी त्यांना बोलावतो. रात्री कळप शेतात बसतो, लेंडी-मूत जमिनीत मुरते, आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. पश्चिम महाराष्ट्रात धनगरांचा वाडा शेतात बसतो तोही याच रीतीने. अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा, बिरोबा, म्हसोबांचा माग घेत धनगरांबरोबर आयुष्याचा मोठा भाग घालवला. त्यांच्या लिखाणात दैवते आहेत तितक्याच वाटा आणि मुक्कामही आहेत. आमच्या अभ्यासाच्या दृष्टीने या व्यवहारातली महत्त्वाची गोष्ट ही, की मुक्कामाची किंमत इथे उलट्या दिशेने जाते. छावणीतला अमेरिकन म्हातारा जागेसाठी तास मोजून देतो. रबारी जागा वापरतो आणि वर मोबदला घेतो, कारण त्याचे थांबणेच जमिनीच्या उपयोगाचे आहे. कोणाच्या शेतात बसायचे, भाव काय, पुढचे पाणी कुठे, हे बोलणे डेऱ्यातला ज्येष्ठ माणूस करतो. वर्षानुवर्षांच्या ओळखी त्याच्याजवळ असतात. तो गेला की त्या वाटेवरचे काही मुक्कामही जातात.

पण सिंचन वाढले, उन्हाळी पीक आले, धुऱ्यावर तारेचे कुंपण पडले की मोकळे रान उरत नाही. परवानगी किती कच्ची असते तेही दिसते. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी रबारी पशुपालकांचे ५८ उंट ताब्यात घेतले. कत्तलीसाठी नेत असल्याची तक्रार होती. पुढे न्यायालयाच्या आदेशाने उंट मालकांकडे परत गेले. कागदावर तो जनावरांच्या वाहतुकीचा खटला होता. पशुपालकांच्या बाजूने पाहिले तर त्यांचे उपजीविकेचे साधन आणि सामानाची गाडी एकाच वेळी जप्त झाली होती.

संशयाचा हा इतिहास जुना आहे आणि नव्या अभ्यासकाने तो वाचल्याशिवाय डेऱ्याकडे जाऊ नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक फिरत्या समाजांना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण गावाबाहेर पाल दिसले की चौकशी सुरू होण्याची सवय राहिली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात फिरस्त्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचाच, पण कोणाच्या ओट्यावर बसून ते लिहिले आहे हे विसरू नका. आत्र्यांना कुणब्यावर पडणारा भार दिसतो आणि तो ते तळमळीने मांडतात. फिरस्त्याने गावाला काय दिले याची बाजू त्यात फिकी आहे. आपल्या भागासाठी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे १९१६ चे खंड हाताशी ठेवावेत, त्याच सावधगिरीने. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाचा २०१८ च्या सुमारास सरकारकडे गेला. देशभरातल्या भटक्या-विमुक्तांचा प्रश्न मांडणाऱ्या या दोन्ही आयोगांचे अध्यक्ष मराठी असावेत, ही मराठी वाचकाने अभिमानाने आणि जबाबदारीने लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही आत्मकथने बहुतेकांनी वाचलेली असतात. ती पुन्हा वाचावीत, आणि या खेपेला शाळेत जाणाऱ्या मुलाऐवजी मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे लक्ष ठेवून वाचावीत.

शासनाने या प्रश्नाला दिलेले मुख्य उत्तर म्हणजे स्थिर घर. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत भटक्या-विमुक्त कुटुंबाला पाच गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. ज्यांना ते हवे आहे त्यांना ते मिळालेच पाहिजे, त्यात दुमत नाही. परंतु ज्यांचा धंदाच फिरण्याचा आहे त्यांच्या मुक्कामाचे काय, याला त्यात उत्तर नाही. हा प्रश्न कायद्याने हाताळता येतो हे युरोपात दिसले आहे. इंग्लंडमध्ये १९६८ च्या कॅरॅव्हॅन साइट्स ॲक्टने जिप्सींसाठी मुक्कामाच्या जागा देण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर घातले, आणि १९९४ मध्ये ते काढून घेतले गेले. फ्रान्समध्ये २००० च्या कायद्याने पाच हजारांहून अधिक वस्तीच्या गावांवर अशी जागा राखण्याची जबाबदारी आली. अंमलबजावणी कुठेच पुरी नाही. तरी मुक्काम ही नगरपालिकेने द्यायची सोय आहे, नळ-दिव्यासारखी, हे तिथे एकदा लिहून ठेवले गेले. महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्यात मोटारघरांसाठी वाहनतळ, पाणी, वीज यांचा विचार आहे. तो पर्यटकासाठी आहे. सुट्टीवर आलेल्याच्या चाकावरच्या घराला नळजोडणी द्यायला आपण तयार झालो आहोत, तर बारमाही चाकावर राहणाऱ्यालाही ती देता येईल, असे मला ठामपणे वाटते. भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावाबाहेर एक हातपंप, दोन शौचालये आणि सावलीची चार झाडे असलेली राखीव जागा, एवढ्याने सुरुवात होते.

पत्ता हा मुक्कामाचा दुसरा चेहरा. अमेरिकेतले मोटारघरवाले टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा यांपैकी एका राज्यात कायदेशीर रहिवास घेतात आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवेच्या पत्त्यावर मतदान, विमा, वाहनाची नोंदणी चालवतात. एस्केपीजचा लिव्हिंग्स्टनचा पत्ता असा हजारोंचा पत्ता आहे. आपल्याकडे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वय ६५ पूर्ण हवे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे आणि राज्यात किमान १५ वर्षांचा रहिवास हवा. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा १५०० रुपये आहे. फिरणाऱ्याला वय आणि गरिबी सिद्ध करता येते, रहिवास सिद्ध करताना तो अडतो. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. रेशनकार्ड आता देशात कुठेही चालते, केंद्राच्या निवृत्तांसाठी २०१४ पासून जीवन प्रमाण नावाची बोटाच्या ठशावर चालणारी सोय आहे. म्हणजे हक्क माणसाबरोबर फिरू शकतो हे प्रशासनाला जमलेले आहे. ठसा उमटत नाही ही वेगळी अडचण. आयुष्यभर सांडशी धरलेल्या हातांवर रेषा राहत नाहीत. संघटित क्षेत्रातून निवृत्त झालेल्यांतही सगळे सुस्थितीत नाहीत; कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ खालची किमान रक्कम २०१४ पासून दरमहा एक हजार रुपये आहे. नोकरीतून सुटल्यावर राखणदार म्हणून शेतात, रिसॉर्टवर किंवा बांधकामावर खोलीच्या बदल्यात राहणारी जोडपी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या घराला चाके नाहीत, पण व्यवहार छावणीतल्या जोडप्याचाच आहे, आणि या अभ्यासात त्यांनाही जागा आहे.

या विषयाला आपल्या परंपरेचे पाठबळ मोठे आहे. महानुभावांच्या आचारधर्मात नित्य अटन सांगितले आहे. नर्मदेच्या परिक्रमेला निघालेले मराठी निवृत्त पायी चालतात, वाटेत सदाव्रत घेतात, चातुर्मासात एका जागी राहतात. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात सेवेकरी पाळीपाळीने येऊन राहतात, झाडतात, वाढतात, रांगा लावतात, आणि पाळी संपली की घरी जातात. त्यांत नोकरीतून मोकळे झालेले पुष्कळ असतात. निवारा आणि जेवण घेऊन श्रम देणे हा इथे पुण्याचा भाग झाला आहे. अभ्यासकाने मात्र एक खबरदारी घ्यावी. ज्याचे घर मागे शाबूत आहे त्याच्या फिरण्याची भाषा, ज्याला घरच नाही त्याच्या फिरण्यावर चढवू नये. वानप्रस्थ हा शब्द गाडी लोहाराच्या म्हाताऱ्याला लावला की त्याच्या पाणी, शौचालय आणि दाखल्याच्या मागण्या ऐकू येईनाशा होतात.

गाडगेबाबांचे उदाहरण मी यासाठीच पुन्हा पुन्हा देतो. शेणगावी १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस गावात शिरला की आधी झाडू घेई, गाव झाडून होई, मगच भाकरी. म्हातारपणीही ते फिरतच राहिले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ प्रवासातच त्यांनी देह ठेवला. स्वतःसाठी त्यांनी घर बांधले नाही. मिळालेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत दादरला बाहेरगावच्या कर्करुग्णांसाठी त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही आहे. फिरणाऱ्याला कशाची गरज असते हे फिरणाऱ्यालाच नेमके कळले होते. कीर्तनकार म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. मुक्कामाच्या जागा बांधणारा माणूस म्हणून त्यांचा अभ्यास कोणी हाती घेतला, तर तो या क्षेत्राचा एक मोठा ग्रंथ होईल.

आता कामाच्या रीतीविषयी थोडे. डेऱ्यावर जाताना संध्याकाळी जाऊ नये. ती जनावरे बांधण्याची आणि स्वयंपाकाची घाईची वेळ. सकाळी कळप गेल्यावर म्हातारी माणसे आणि लहान पोरे मागे असतात, तेव्हा बसायला सांगतात. ‘आजी, बिऱ्हाड कधी उतरलं?’ एवढ्यावर बोलणे सुरू होते. वय विचारू नये, कारण ते बहुतेकांना माहीत नसते आणि अंदाजे सांगितलेला आकडा आपल्या तक्त्यात जाऊन खरा होऊन बसतो. त्याऐवजी कोणत्या दुष्काळात त्या केवढ्या होत्या ते विचारावे. १९७२ चा दुष्काळ सगळ्यांना आठवतो. मागच्या बारा महिन्यांतले मुक्काम एकेक करून विचारावेत : कोणाचे रान, किती रात्री, काय दिले, काय घेतले, का उठावे लागले. हा शेवटचा प्रश्न विसरू नये. मुक्कामांच्या नेमक्या जागा आणि माणसांची नावे छापू नयेत. आपल्या नकाशाचा उपयोग कोण कशासाठी करील हे आपल्या हातात नसते. छायाचित्राआधी विचारावे, नाही म्हटले तर कॅमेरा पिशवीत ठेवावा. बायकांचे काम वेगळे नोंदवावे, कारण पुरुषाला विचारले तर तो पंखा फिरवण्याला काम म्हणत नाही.

सगळ्यांत अपुरा राहिलेला भाग आहे तो शेवटच्या मुक्कामाचा. गाडी चालवणे झेपेना, उंटाबरोबर चालणे होईना, तेव्हा काय होते? एस्केपीजने लिव्हिंग्स्टनला यासाठी केंद्र काढले. तिथे माणूस आपल्याच मोटारघरात राहतो, जेवण आणि शुश्रूषा मात्र केंद्राकडून मिळते. रबाऱ्यांत काही म्हातारी माणसे एखाद्या गावाजवळच्या ठिय्यावर मागे राहतात आणि डेरा पुढे जातो. त्यांना तिथे कोण पाहते, औषध कोण आणते, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत त्यांचे गाव कोणते लिहिले जाते, मृत्यू झाला तर दाखला कोणत्या ग्रामपंचायतीचा, हे एकेका तालुक्यात बसून शोधावे लागेल. काम पावसाळ्यापासूनच सुरू करावे. तेव्हा डेरे एका जागी असतात, मागे राहिलेली माणसे आणि फिरणारी माणसे एकत्र भेटतात, आणि सोयाबीन निघून वाट मोकळी होण्याच्या आत पहिल्या ओळखी झालेल्या असतात.